संगणकाचा पुनरारंभ : कर्नल आणि फर्मवेअर यांमधील हस्तांतरण व दोषनिदान
(न्हावा-शेवा बंदरातील २०१७ च्या घटनेच्या संदर्भात)

सारांश

संगणक बंद करून पुन्हा सुरू करणे ही सर्वपरिचित कृती वरवर पाहता एकच वाटते. वस्तुतः ती कार्यप्रणालीचा गाभा असलेला कर्नल आणि यंत्राच्या मुख्य पटलावर कायम वसलेले फर्मवेअर यांच्यातील अधिकाराच्या हस्तांतरणाची साखळी आहे. या साखळीतील कोणताही दुवा निखळल्यास यंत्र मध्येच अडकते, पुनःपुन्हा सुरू होत राहते किंवा भलत्याच आज्ञावलीच्या हाती जाते. प्रस्तुत लेखात या हस्तांतरणाच्या रीती, त्यांतील दोषांचे स्वरूप व निदानाची पद्धती यांचे विवेचन केले आहे. तसेच उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदराला २०१७ मध्ये बसलेल्या संगणकीय हल्ल्याच्या झळीच्या आधारे पुनरारंभाचा क्षण किती नाजूक असतो, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : पुनरारंभ, कर्नल, फर्मवेअर, बायोस, यूईएफआय, एसीपीआय, दोषनिदान, न्हावा-शेवा बंदर.

१. प्रस्तावना

कार्यालय असो वा महाविद्यालयाची प्रयोगशाळा, संगणक अडला की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘एकदा बंद करून चालू करा.’ बहुतेक वेळा हा सल्ला लागू पडतो आणि म्हणूनच त्यामागे काय घडते याचा विचार फारसा केला जात नाही. परंतु हाच सल्ला काही प्रसंगी निरुपयोगी ठरतो, तर काही प्रसंगी घातकही ठरतो.

उरण तालुक्यातील न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी कार्यान्वित झाले. कंटेनर वाहतुकीत हे देशातील अग्रगण्य बंदरांपैकी एक होय. जून २०१७ च्या अखेरीस या बंदरातील एका टर्मिनलचे काम अचानक विस्कळीत झाले. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवीत होती. क्रेन जागेवर होत्या, कंटेनर जागेवर होते; परंतु कोणता कंटेनर कोणाचा व तो कोठे जावयाचा, हे सांगणारी संगणकव्यवस्था बंद पडली होती. २७ जून २०१७ रोजी जगभर पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या घातक आज्ञावलीचा हा परिणाम होता. या आज्ञावलीने आपल्या कार्याचा निर्णायक टप्पा पुनरारंभाच्याच क्षणावर बेतला होता, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

तो क्षण समजून घ्यावयाचा तर प्रथम निर्दोष यंत्रात पुनरारंभ कसा होतो, आणि साध्या तांत्रिक दोषामुळे तो कसा बिघडतो, हे पाहणे आवश्यक ठरते.

२. कर्नल व फर्मवेअर : दोन अधिकारी, एक यंत्र

विद्युतपुरवठा सुरू होताच प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरील आज्ञेपासून कामाला लागतो. हा पत्ता मुख्य पटलावरील स्थायी स्मृतीत असतो व तेथे फर्मवेअर वसलेले असते. जुन्या संगणकांत त्यास बायोस म्हणत. २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय मंचाने प्रसृत केलेल्या मानकानुसार चालणाऱ्या नव्या फर्मवेअरला यूईएफआय असे म्हटले जाते. फर्मवेअर स्मृती, कळफलक, पडदा व साठवण चकती यांची तपासणी व मांडणी करते, चकतीवरील आरंभक आज्ञावली शोधते आणि तिच्या हाती यंत्र सोपवते. आरंभक कर्नलला स्मृतीत आणतो आणि त्यानंतर यंत्रावर कर्नलची सत्ता सुरू होते.

हा व्यवहार बंदरातील रीतीशी ताडून पाहता येतो. धक्क्यापासून खुल्या समुद्रापर्यंत जहाज नेण्याचे काम बंदराचा पायलट करतो, कारण तेथील उथळ जागा व प्रवाह त्यास ठाऊक असतात. पुढे कप्तान व त्याचे खलाशी समर्थ असतात. जहाज परत बंदरात आणावयाचे तर कप्तानाने पायलटला पाचारण करावे लागते. पुनरारंभ म्हणजे असे पाचारण होय. कप्तानाने हाक कोणत्या मार्गाने द्यावी आणि पायलट ती कोणत्या मार्गाने ऐकतो, यांत एकवाक्यता नसेल तर जहाज बाहेरच खोळंबते. कर्नल आणि फर्मवेअर यांच्यातील बहुसंख्य तक्रारींचे मूळ याच विसंवादात आहे.

३. पुनरारंभाच्या रीती

व्यक्तिगत संगणकाच्या इतिहासात हाक देण्याचे मार्ग एकामागोमाग एक वाढत गेले. जुने मात्र नाहीसे झाले नाहीत. म्हणूनच आज एकाच यंत्रावर अनेक रीती उपलब्ध असतात व त्यांपैकी प्रत्येक चालेलच याची शाश्वती नसते.

पहिली रीत कळफलक नियंत्रकाची. १९८४ मध्ये आयबीएमने पीसी-एटी हा संगणक बाजारात आणला. त्यातील ८०२८६ हा प्रोसेसर संरक्षित अवस्थेत गेल्यावर आज्ञेने मूळ अवस्थेत परतू शकत नसे. त्यास नव्याने सुरू करणे हाच उपाय होता. अभियंत्यांनी कळफलक सांभाळणाऱ्या नियंत्रकाची एक मोकळी तार प्रोसेसरच्या रीसेट तारेस जोडली. षोडशमान पद्धतीतील ६४ या पोर्ट क्रमांकावर ‘एफई’ हे मूल्य लिहिले की त्या तारेवर स्पंद जातो आणि प्रोसेसर नव्याने सुरू होतो. एका तात्कालिक अडचणीवर काढलेली ही तोड पुढे दशकानुदशके टिकली. ज्या यंत्रांत स्वतंत्र कळफलक नियंत्रक उरलेला नाही, तेथेही काही वेळा त्याची नक्कल करावी लागते. जेथे ती केलेली नाही, तेथे ही हाक वाऱ्यावर विरते.

दुसरी रीत तिहेरी दोषाची. प्रोसेसरकडे दोष हाताळण्यासाठी एक सारणी असते. ती रिकामी करून मुद्दाम दोष घडविल्यास पहिला दोष हाताळताना दुसरा व तो हाताळताना तिसरा उद्भवतो. तिसऱ्या दोषानंतर प्रोसेसर काम थांबवितो आणि मुख्य पटलावरील परिपथ त्यास पुन्हा सुरू करतो.

तिसरी रीत सीएफ९ या पोर्ट क्रमांकाची. अनेक चिपसंचांत तेथे एक नियंत्रक रजिस्टर असते. त्यात ०६ हे मूल्य लिहिल्यास संपूर्ण यंत्रणेचा रीसेट होतो, तर ०ई लिहिल्यास विद्युतपुरवठा क्षणभर तोडून पुन्हा जोडला जातो. हा भेद निदानाच्या वेळी उपयोगी पडतो.

चौथी रीत एसीपीआय या मानकाची. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी १९९६ मध्ये हे मानक प्रसृत केले. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीपासून फर्मवेअर एका सारणीद्वारे कर्नलला रीसेट रजिस्टरचा पत्ता व त्यात लिहावयाचे मूल्य कळवू शकते. पाचवी रीत यूईएफआयची असून तीत कर्नल फर्मवेअरच्याच एका सेवेला पाचारण करतो. शीत पुनरारंभ, उष्ण पुनरारंभ की संपूर्ण बंद, हे या सेवेला सांगता येते.

४. लिखित मानक आणि अलिखित रूढी

इतकी मानके असताना दोष का उद्भवावेत, असा प्रश्न साहजिक आहे. याचे उत्तर तांत्रिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. यंत्र तयार करणारा उद्योग आपले उत्पादन बहुतांशी विंडोज या कार्यप्रणालीवर तपासून पाहतो. विंडोज जो मार्ग अनुसरते तो चालला की यंत्र बाजारात येते. अन्य मार्ग कागदोपत्री वैध असले तरी ते कोणी चालून पाहिलेले नसतात.

लिनक्सच्या विकासकांना याचा दीर्घकाळ त्रास झाला. विशिष्ट यंत्र नेहमीच्या रीतीने पुन्हा सुरू होत नसल्याची तक्रार आली की त्या यंत्राचे नाव आणि त्यास चालणारी रीत यांची नोंद कर्नलमधील अपवादांच्या सारणीत करण्यात येई. डेल, ॲपल, सोनी आदी उत्पादकांच्या विविध यंत्रांच्या अशा नोंदी त्या सारणीत आढळतात. २०११ मध्ये मॅथ्यू गॅरेट या विकासकाने विंडोज प्रत्यक्षात कोणत्या क्रमाने हाका देते याचा मागोवा घेतला आणि लिनक्सचा क्रम त्याच्याशी जुळविला. त्यानुसार प्रथम एसीपीआय रजिस्टर, मग कळफलक नियंत्रक, पुन्हा एसीपीआय, पुन्हा कळफलक नियंत्रक असे प्रयत्न होतात आणि त्यानंतर यूईएफआय सेवा अथवा बायोस यांची पाळी येते. एकच प्रयत्न दोनदा करणे तर्काला सोडून वाटेल. परंतु काही यंत्रे त्याच क्रमाला प्रतिसाद देत. लिखित मानकापेक्षा अलिखित रूढी प्रबळ ठरल्याचे हे बोलके उदाहरण होय.

५. दोषनिदानाची पद्धती

पुनरारंभाचा दोष शोधताना ‘संगणक पुन्हा सुरू होत नाही’ हे वाक्य अपुरे असते. साखळीतील नेमका कोणता दुवा निखळला, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे. त्यासाठी साखळीचे चार टप्पे वेगळे करता येतात.

पहिल्या टप्प्यात चालू सेवा व आज्ञावल्या थांबविल्या जातात. दुसऱ्या टप्प्यात कर्नल प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला थांबण्याची सूचना देतो. तिसऱ्या टप्प्यात कर्नल रीसेटची हाक देतो. चौथ्या टप्प्यात फर्मवेअर जागे होऊन आपली तपासणी व मांडणी सुरू करते. पहिले दोन टप्पे कर्नलच्या अधिकारातील, चौथा फर्मवेअरच्या अधिकारातील, तर तिसरा दोहोंच्या सीमेवरील आहे.

पडद्यावरील अखेरची ओळ हा पहिला पुरावा होय. पुनरारंभाच्या वेळी सजावटीचे चित्र बाजूला सारून मजकूर दिसेल अशी व्यवस्था करावी. एखादी सेवा थांबण्याची वाट पाहिली जात असल्याचा संदेश तसाच राहिला तर दोष पहिल्या टप्प्यात आहे. नेटवर्कवरील सामायिक चकती अनुपलब्ध असणे हे त्याचे एक नित्याचे कारण असते. प्रणाली पुन्हा सुरू होत असल्याचा कर्नलचा अखेरचा संदेश उमटून यंत्र तेथेच गोठले, तर हाक दिली गेली परंतु ऐकली गेली नाही, असे अनुमान करता येते. पडदा काळा झाला, पंख्यांचा आवाज बदलला आणि तरीही उत्पादकाचे बोधचिन्ह उमटले नाही, तर रीसेट घडून गेला व फर्मवेअर अडखळले असे समजावे.

या अनुमानाची खातरजमा तीन प्रयोगांनी करता येते. पहिला प्रयोग, कर्नल सुरू होण्यापूर्वीच आरंभकाच्या पडद्यावरून पुनरारंभाची आज्ञा देणे. ग्रब या आरंभकात ही सोय असते. तेथून यंत्र सुरळीत पुन्हा सुरू झाले, तर हार्डवेअर व फर्मवेअर निदान एका मार्गाने प्रतिसाद देतात हे सिद्ध होते. दुसरा प्रयोग, चालू लिनक्समध्ये ऑल्ट, सिसआरक्यू व बी या कळा एकत्र दाबून तातडीचा पुनरारंभ घडविणे. या मार्गाने पहिले दोन टप्पे वगळले जातात. नेहमीचा पुनरारंभ अडकतो पण हा चालतो, असे आढळल्यास दोष सेवांत किंवा ड्रायव्हरमध्ये आहे हे उघड होते. अनेक वितरणांत ही सोय मर्यादित ठेवलेली असते, ती आधी खुली करावी लागते. तसेच न लिहिलेली माहिती गमावण्याचा धोका असल्याने एस व यू या कळांनी चकतीवरील लेखन आधी पूर्ण करून घ्यावे. तिसरा प्रयोग, यंत्र पूर्ण बंद करून, विद्युतजोड काढून, काही वेळाने सुरू करणे. असे केल्यावर यंत्र नीट चालते परंतु पुनरारंभानंतर अडते, तर एखादे उपकरण आपली जुनी अवस्था न सोडता रीसेटमधून तरून जात असावे व फर्मवेअरला ते अनपेक्षित अवस्थेत सापडत असावे.

तिसऱ्या टप्प्यातील दोषावर कर्नलला विशिष्ट रीत नेमून देता येते. आरंभकातील कर्नलच्या ओळीत ‘रीबूट’ हा शब्द, बरोबरीचे चिन्ह व रीतीचे संक्षिप्त नाव लिहिले की कर्नल ती रीत प्रथम वापरतो. एका वेळी एकच रीत बदलावी, प्रत्येक वेळी शीत आरंभापासून सुरुवात करावी आणि निकाल नोंदवहीत लिहावा. एकदा चाललेली रीत पाच-सहा वेळा पुन्हा पडताळल्याशिवाय ग्राह्य धरू नये, कारण हे दोष अनेकदा अधूनमधूनच प्रकट होतात. फर्मवेअरची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती बसविणे हा मूळ उपाय होय. रीत नेमून देणे ही तडजोड आहे.

यंत्र न सांगताच पुन्हा सुरू होत असेल व नोंदींमध्ये कोणताही संदेश नसेल, तर कर्नलला दोष देण्यापूर्वी विद्युतपुरवठा, तापमान व जोडण्या तपासाव्यात. उरणसारख्या किनारपट्टीच्या भागातील दमट, खारट हवेत धातूच्या जोडण्या गंजण्याचा संभव अधिक असतो, हेही ध्यानात घेणे इष्ट आहे.

६. न्हावा-शेवा, २०१७ : हस्तांतरणाचा गैरवापर

येथवर पाहिलेल्या दोषांत हाक ऐकली न जाणे ही अडचण होती. नॉटपेट्याने याच्या उलट बाजूचा फायदा घेतला : हाक बिनचूक ऐकली जाते आणि फर्मवेअर पुढील अधिकाऱ्याची ओळख न पटविता त्याच्या हाती यंत्र देते, या गुणाचा.

युक्रेनमधील एका लेखापालन सॉफ्टवेअरच्या अद्यतनातून ही आज्ञावली प्रथम पसरली आणि विंडोजमधील त्रुटी व चोरलेले परवलीचे शब्द वापरून जाळ्यातील अन्य संगणकांवर गेली. संगणकात शिरल्यावर तिने चकतीच्या पहिल्या सेक्टरमधील आरंभक नोंद बदलली आणि काही वेळाने पुनरारंभ होईल अशी व्यवस्था केली. दरम्यान ती फायली कूटबद्ध करीत असे. पुनरारंभ झाला की बायोस नित्याप्रमाणे पहिला सेक्टर स्मृतीत आणून त्याला अधिकार देई; मात्र तेथे आता विंडोजच्या आरंभकाऐवजी हल्लेखोराची आज्ञावली होती. ती पडद्यावर चकती तपासणीचा खोटा देखावा उभा करी आणि त्याआड फायलींची मुख्य सूची कूटबद्ध करी. त्यानंतर ३०० डॉलर मूल्याच्या बिटकॉइनची मागणी दिसे. परंतु दाखविलेल्या क्रमांकावरून किल्ली परत मिळणे शक्यच नव्हते. खंडणीचा केवळ आव होता, विध्वंस हाच हेतू होता.

खोट्या तपासणीच्या वेळी विद्युतपुरवठा तोडल्यास ही सूची पूर्णपणे नष्ट होण्यापासून वाचण्याची शक्यता असे. म्हणजे ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्याचा पूर्वार्ध येथे तारक होता आणि उत्तरार्ध मारक. यूईएफआय पद्धतीने सुरू होणारी यंत्रे पहिल्या सेक्टरमधील आज्ञा चालवीत नाहीत, आणि सुरक्षित आरंभाची सोय कार्यान्वित असल्यास स्वाक्षरी नसलेल्या आरंभकास अधिकार दिला जात नाही. हस्तांतरणापूर्वी ओळख पटविण्याची ही तरतूद किती मोलाची आहे, हे या घटनेने दाखवून दिले.

न्हावा-शेवा येथे काही काम हाताने उरकण्याचा प्रयत्न झाला. मर्स्क समूहाने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे जाहीर केले. समूहाच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे दिलेल्या माहितीनुसार ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. ‘वायर्ड’ या अमेरिकी नियतकालिकाच्या २०१८ मधील वृत्तांतानुसार, समूहाच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची ओळख सांभाळणाऱ्या सर्व्हरची एकच निर्दोष प्रत उरली होती. ती घानातील कार्यालयात होती आणि तेथील वीज गेलेली असल्यामुळे वाचली होती.

७. पुनरारंभाचे आवर्तन

१९ जुलै २०२४ रोजी याच साखळीतील आणखी एक दोष जगासमोर आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्यतन विंडोज संगणकांवर पोहोचले. ते वाचणारा ड्रायव्हर कर्नलच्या पातळीवर चालत असल्याने त्याच्या चुकीसरशी संपूर्ण यंत्र कोसळे, पुन्हा सुरू होई, तोच ड्रायव्हर पुन्हा आणी व पुन्हा कोसळे. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख यंत्रांना याची झळ लागली. भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. येथे फर्मवेअर निर्दोष होते, हाक व प्रतिसाद निर्दोष होते. दोष अधिकार स्वीकारणाऱ्या कर्नलच्या सोबत्यात होता. कर्नल उभा राहण्यापूर्वीच कोसळत असल्याने अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर बसून, ते सुरक्षित अवस्थेत सुरू करून, सदोष फाइल काढावी लागली.

८. महाविद्यालयांसाठी बोध

महाविद्यालयीन प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वर्षी खरेदी केलेली, वेगवेगळ्या उत्पादकांची यंत्रे एकत्र नांदत असतात. त्यामुळे एका यंत्रावर चाललेली रीत शेजारच्या यंत्रावर चालेलच असे नाही. प्रत्येक यंत्राच्या फर्मवेअरची आवृत्ती, आरंभाची पद्धत व आढळलेले दोष यांची नोंद ठेवल्यास निदानाचा बराच वेळ वाचतो. सुरक्षित आरंभाची सोय केवळ एखादे सॉफ्टवेअर बसविताना अडचण येते म्हणून कायमची बंद ठेवू नये. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत जाळ्यापासून अलग ठेवावी. घानातील सर्व्हरला जे भाग्य योगायोगाने लाभले, ते नियोजनाने मिळविता येते. आणि यंत्र संशयास्पद रीतीने वागत असताना, विशेषतः न मागितलेला पुनरारंभ घडत असताना, ते प्रथम जाळ्यापासून तोडून बंद ठेवावे व जाणकाराच्या देखरेखीखालीच पुन्हा सुरू करावे.

अध्यापनाच्या दृष्टीनेही हा विषय उपयुक्त आहे. कार्यप्रणालीच्या अभ्यासक्रमात आरंभाची प्रक्रिया शिकविली जाते. पुनरारंभाकडे मात्र क्वचितच लक्ष दिले जाते. वर उल्लेखिलेले तीन प्रयोग कोणत्याही जुन्या संगणकावर, अतिरिक्त खर्चाविना, विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतात.

९. निष्कर्ष

पुनरारंभ ही एक कळ दाबण्याची कृती नसून दोन अधिकाऱ्यांमधील विश्वासाचा व्यवहार आहे. या व्यवहारात तीन प्रकारे बिघाड संभवतो : हाक ऐकली जात नाही, हाक ऐकून अनोळखी हाती अधिकार दिला जातो, किंवा अधिकार घेणारा उभाच राहू शकत नाही. तिन्ही प्रसंगी वापरकर्त्याला दिसणारे चित्र सारखेच असते, म्हणजे यंत्र चालत नाही. उपाय मात्र परस्परभिन्न, किंबहुना परस्परविरोधी असतात. म्हणून पुनरारंभाचा सल्ला देण्यापूर्वी यंत्र आता कोणाच्या हाती आहे आणि पुढे कोणाच्या हाती जाणार आहे, हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.